खंडेनवमीची सांधणी

चादरींच्या गावात राहून आमच्या घरात एकही धड चादर नव्हती. होत्या त्या सगळ्या नापास झालेल्या. कुठे मोराची मान तुटलेली, कुठे एका फुलाची पाकळी शेजारच्या फुलात घुसलेली. विणताना चूक झालेला माल दुकानात जात नाही, तो कामगारांच्या घरी येतो. माझं शाळेचं दप्तरही तसल्याच चादरीचं होतं. त्यावर एक तिरकी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली होती. वर्गातल्या मुली विचारायच्या, हे असं डिझाईन का गं? मी सांगायची, नवीन फॅशन आहे.

आम्ही तेलुगू घरचे. वडिलांना नान्ना म्हणतो, आईला अम्मा. नान्ना आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते यंत्रमागाच्या कारखान्यांतून फिरून बीम सांधायचं काम करायला लागले. चादरीचे उभे धागे एका मोठ्या रुळावर गुंडाळलेले असतात, त्याला बीम म्हणतात. तो संपत आला की नवा बीम लावायचा. पण जुने धागे मागातून बारीक बारीक वाटांनी ओवून आलेले असतात. ते काढून पुन्हा ओवत बसलं तर फार वेळ जातो. म्हणून जुन्या धाग्यांची टोकं तशीच ठेवून प्रत्येक टोकाला नव्या बीमचा एकेक धागा बांधायचा, मग हलक्या हातानं सगळं पुढे ओढून घ्यायचं. हे बांधणं म्हणजे सांधणी. मागाच्या पोटात मांडी घालून बसायचं आणि मान वर न करता गाठी मारत राहायचं. एक धागा जरी चुकीच्या टोकाला बांधला गेला तरी ती चूक चादरीच्या अंगावर शेवटपर्यंत दिसते. माझ्या दप्तरावर होती तशी.

काम बीम संपेल तेव्हाच. बीम कधी संपेल हे मागाच्या हातात. पावसाळ्यात मालाला उठाव नसला की माग बंद, आणि नान्ना दारात बसून राहायचे. अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. कारखान्यात विड्या तपासणारा माणूस तिच्या विड्यांतून छाट, म्हणजे नापास विड्या, काढून बाजूला फेकायचा. घरी येऊन ती दुप्पट घट्ट वळायची. कधी चूल पेटायची नाही. मग शेजारच्या काकू वाटीभर आमटी पाठवायच्या. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून अम्मा ती धुऊन तिच्यात कढीपत्त्याची चार पानं ठेवायची. आमच्या खोलीच्या मागे सरकारी नळापाशी कढीपत्त्याचं झाड होतं. त्या झाडानं आमची अब्रू बरीच राखली.

या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते, दडवत नाही. पदवीच्या दिवशी नान्नांनी तो कागद हातात घेतला, उजेडात धरला आणि अंगठ्यानं त्याचा पोत पाहिला. म्हणाले, "कागद चांगलाय." वाचता येत नसलेल्या माणसानं याहून जास्त काय म्हणावं?

पुढची सगळी वर्षं मी डेटाबेस सांभाळण्यात घालवली. आधी दुकानं, डेअऱ्या, सहकारी संस्था, आणि शेवटची बरीच वर्षं आमच्या गावातल्या एका धर्मादाय रक्तपेढीत. घरात कुणाला मी काय करते ते कधीच नीट कळलं नाही. अम्मा शेजारणींना सांगायची, "आमची सुजाता कॉम्प्युटरची राखण करते." अगदी खरं आहे ते. बाहेरच्या माणसाला मी एवढंच सांगते: डेटाबेस म्हणजे एकमेकांचा हात धरून उभे असलेले तक्ते. एका तक्त्यात रक्तदाते, दुसऱ्यात पिशव्या, तिसऱ्यात रुग्ण, चौथ्यात कुणाला काय मानवतं आणि काय नाही. नंबरानं नंबराचा हात धरलेला असतो. एकाचा हात सुटला की माहिती असूनही सापडत नाही.

आणि माझं खरं काम म्हणजे त्याची नक्कल करून ठेवणं आणि वेळ आली तर त्या नकलेतून सगळं पुन्हा उभं करणं. पहिल्याला बॅकअप म्हणतात, दुसऱ्याला रिस्टोअर. पहिलं सगळे करतात. दुसऱ्याची आठवण वेळ आल्यावर होते.

सांगोल्याचे एक डाळिंबवाले शेठ होते. मी विचारलं, बॅकअप कुठे ठेवता? म्हणाले, त्याच कॉम्प्युटरात, निराळ्या कप्प्यात. कॉम्प्युटर जळाला तेव्हा दोन्ही कप्पे जळाले. घराची जादा किल्ली घरातच ठेवून कुलूप लावल्यासारखं ते झालं. अकलूजकडच्या एका डेअरीतले मॅनेजर मात्र शिस्तीचे. दर शनिवारी बॅकअप घेऊन पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात गणपतीमागे ठेवायचे. एकदा खरोखर गरज पडली. मी फाईल उघडली तर आत काही नाही. डिस्क भरून गेल्यामुळे कित्येक महिने नुसतं नाव तयार होत होतं, पोट रिकामं. मॅनेजर बराच वेळ गणपतीकडे बघत होते. मी म्हटलं, साहेब, त्यांनी सांभाळलं बरोबर, आपण दिलंच नाही त्यांना काही.

तेव्हापासून माझा नेम झाला. नुसता बॅकअप घेऊन थांबायचं नाही. महिन्यातून एकदा तो एका रिकाम्या जागेत उभा करून बघायचा, तक्ते हात धरून उभे राहतात का ते तपासायचं आणि मग पाडून टाकायचा. त्या रिकाम्या जागेचं नाव मी 'सराव' ठेवलं होतं. दिवस अमावस्येचा धरला, कारण आमच्याकडे गाडीवाले, दुकानवाले, मागवाले सगळे अमावस्येला यंत्रापुढे नारळ फोडतात, त्यामुळे विसरायला होत नाही. रक्तपेढीत विरेश नावाचा टेक्निशियन आहे. अक्कलकोटकडचा, घरी कानडी, बाहेर मराठी, दोन लेकरांचा बाप. मला अक्का म्हणतो. अमावस्या आली की दारातून डोकावून विचारायचा, "अक्का, आज मढं उठवायचं ना?" मी म्हणायची, उठवायचं, आणि उठलं की तुझ्या मानगुटीवर बसवायचं.

हे सगळं काम मी काळ्या पडद्यावर करते. आताची मुलं बटणं दाबतात, चित्रं सरकवतात. मला तो काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ बरी वाटते. तिथे एक ओळ लिहायची असते: कोणाची नक्कल, कुठे. मध्ये एक बाणाचं टोक असतं. टोक फाईलकडे वळलेलं असलं तर डेटाबेसमधून माल बाहेर फाईलमध्ये येतो. टोक उलटं वळवलं की फाईलमधला माल डेटाबेसमध्ये जातो. फरक तेवढाच. घाईत टोक चुकलं तर जी नक्कल ओतायची तीच कोरी होऊन बसते. आणि काळा पडदा विचारत नाही, बाई गं, नक्की ना? जे सांगाल ते करून मोकळा होतो. म्हणून एन्टर दाबण्याआधी मी टोकावर बोट ठेवून 'आत' किंवा 'बाहेर' असं तोंडानं म्हणते. पोरं हसतात. हसू देत.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला घेतलं तो दिवस सांगते.

खंडेनवमी होती, दसऱ्याचा आदला दिवस. आमच्या समाजात या दिवसाचं महत्त्व फार. माग धुवायचे, पुसायचे, तेल द्यायचं, हळदकुंकू वाहायचं आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मी सुट्टीवर होते. नान्ना माझ्याकडेच राहतात. दृष्टी जवळजवळ गेलेली, पण बोटं शाबूत. बसल्या बसल्या पांघरुणाच्या दशांना गाठी मारत असतात. त्या दुपारी पाटावर त्यांची जुनी कात्री आणि धागा ओढायची आकडी मांडून आम्ही नुकती पूजा केली होती. तेवढ्यात रक्तपेढीतून डॉक्टर शहांचा फोन आला.

डॉक्टर शहा आमच्या पेढीच्या प्रमुख. त्या कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही, पण सुट्टीच्या दिवशी त्यांचा फोन म्हणताच मी उभी राहिले. त्या म्हणाल्या, "सुजाता, शाहीन आलीय. तिच्या नोंदीत अँटिबॉडीचा रकाना रिकामा दिसतोय. तो रिकामा नव्हता, असं मला पक्कं आठवतंय."

शाहीनला पेढीतले सगळे ओळखत. मोहोळची, तेव्हा सहावीत असेल. थॅलेसेमिया आहे तिला. स्वतःचं रक्त शरीरात पुरेसं तयार होत नाही, म्हणून ठरावीक काळानं बाहेरचं चढवावं लागतं. वडील रफीकभाई टेम्पो चालवतात. लहानपणापासून येत असल्यामुळे ती पेढीत घरच्यासारखी वावरायची आणि सुई टोचतो म्हणून विरेशला 'मच्छर चाचा' म्हणायची.

रिकाम्या रकान्याला डॉक्टर का घाबरल्या ते सांगायला हवं. ज्याला वरचेवर बाहेरचं रक्त लागतं, त्याचं शरीर कधीतरी त्या रक्तातल्या एखाद्या खुणेशी वैर धरतं. ती खूण असलेलं रक्त त्याला पुन्हा चालत नाही. काही महिन्यांनी हे वैर तपासणीत दिसेनासं होतं. रक्त नळीत घालून जुळवून पाहिलं तर सगळं छान जुळतं. पण शरीर विसरलेलं नसतं. तीच खूण पुन्हा आत आली की ते सगळं आठवतं आणि चढवलेलं रक्त फोडून टाकतं. अशक्त लेकराच्या जिवावर बेततं. तेव्हा आजची तपासणी काय सांगते याइतकंच पूर्वी काय सापडलं होतं हेही महत्त्वाचं असतं. आणि ते पूर्वीचं फक्त आमच्या तक्त्यात होतं. उन्हाळ्यात पुण्याला असताना शाहीनच्या शरीरानं असं वैर धरलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर ते कळवलं मात्र खंडेनवमीच्याच आठवड्यात, आणि मंगळवारी आमच्याकडे नोंद झाली. आता पुण्याला फोन लावला तर सणाची सुट्टी, उचलायला कुणी नाही. असल्या खुणा कितीतरी प्रकारच्या. कुठली ते डॉक्टरांना आठवेना.

मी चप्पल घालताना नान्ना म्हणाले, कुठे? मी सांगितलं, पेढीत, कॉम्प्युटरवर काम निघालंय. पूजा झाली असेल ना त्याची, त्यांनी विचारलं. झाली असणार, मी म्हटलं. मला वाटलं आता अडवतील, कारण पूजेनंतर मागाला हात लावलेला त्यांनी उभ्या जन्मात खपवून घेतला नव्हता. पण त्यांनी विचारलं, "कुणाचं अडलंय का?"

"एका पोरीचं."

"मग नमस्कार करून उचल."

पेढीत पोचले तर बाकावर शाहीन वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. ओठ पांढरे. एरवी धावत येऊन खाऊसाठी माझी पर्स तपासणारी पोर नुसती डोळे वळवून बघत होती. म्हणाली, मॅडम, माझं नाव पुसलं का? मी म्हटलं, नाव आहे गं, बाकीचं शोधते. रफीकभाई उठून उभे राहिले.

"ताई, सकाळपासून दोन पायऱ्या चढंना पोरगी. ते म्हणतात रक्त जुळतंय, पन देत न्हाईत. जुळतंय तर द्या की."

डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं, मीही परत समजावलं. चुकीचं दिलं तर न देण्यापेक्षा वाईट. त्यांनी मान हलवली आणि खाली बसले. म्हणाले, "थांबतो की. थांबायलाच शिकलोय हिच्यामुळं."

आतल्या खोलीत सर्व्हरला झेंडूची माळ. पडद्यावर हळदकुंकवाची बोटं, कीबोर्डवर आपट्याची पानं. विरेश कोपऱ्यात उभा. मी विचारलं, आज तक्त्यांत कुणी काही केलं का? तो म्हणाला, काही नाही अक्का, फक्त साफसफाई. कुठली साफसफाई? फडक्यानं पुसलं, पंखा साफ केला. आणि आतलं पण.

आतलं म्हणजे?

मग हळूहळू बाहेर आलं. गावाकडे त्याच्या घरी खंडेनवमीला बैलगाडीचं जू धुतात, विळे घासतात, गंजलेले खिळे काढून टाकतात. त्याला वाटलं, आपलं हत्यार कॉम्प्युटर, तेही आतून स्वच्छ झालं पाहिजे. म्हणून सकाळी त्यानं अँटिबॉडीच्या तक्त्यातल्या निकामी वाटल्या त्या ओळी पुसल्या. ज्यांच्यापुढे 'सध्या दिसत नाही' असा शेरा होता त्या सगळ्या. दिसतच नाही तर ठेवायचं कशाला, असा त्याचा सरळ हिशेब.

"लई भक्तीनं पुसलं अक्का. आधी अगरबत्ती लावली."

डॉक्टर शहांनी कपाळाला हात लावला. मला आधी हसूच आलं. शाहीनचं नाव घेतलं तेव्हा विरेशला कळलं आपण काय केलंय. त्याचा चेहरा असा झाला की बोलायची गरजच उरली नाही. मी त्याला म्हटलं, खुर्ची ओढ आणि शेजारी बस. आज तूच मला मढं उठवायला हवास.

मी माळ उतरवली, यंत्राला नमस्कार केला आणि पानं बाजूला ठेवली.

सोपं वाटेल की बॅकअप आहे ना, ओता तो. पण सकाळी पेढीत रक्तदान शिबिर झालं होतं. दसऱ्यानिमित्त एका तरुण मंडळाची पोरं ओळीनं येऊन रक्त देऊन गेली होती आणि त्यांच्या नोंदी चालू डेटाबेसमध्ये गेल्या होत्या. त्याच्यावर आमचा शेवटचा, रविवारचा बॅकअप ओतला असता तर सकाळच्या पिशव्या अनोळखी झाल्या असत्या. एकाचं परत आणताना दुसऱ्याचं घालवायचं नाही. म्हणून रविवारच्या फाईलची आधी एक नक्कल करून बाजूला ठेवली आणि ती 'सराव'मध्ये ओतायला घेतली. टोकावर बोट ठेवलं. "आत," मी म्हटलं. "आत," विरेशही म्हणाला. एन्टर.

रेघ लुकलुकत राहिली. या वेळी काळा पडदा काही सांगत नाही. दुधाचं पातेलं चुलीवर ठेवून बसल्यासारखं बसायचं. बाहेरून शाहीनच्या खोकल्याचा आवाज येत होता. पडदा परत हातात आला तेव्हा मी शाहीनचा नंबर शोधला. ती होती. मागच्या वर्षांच्या सगळ्या नोंदी होत्या. पण पुण्याची ओळ नव्हती.

विरेश म्हणाला, "संपलं?"

संपलं नव्हतं. पुण्याची नोंद मंगळवारची, आणि बॅकअप रविवारचा. रविवारपासून सकाळच्या अगरबत्तीपर्यंत जे काही झालं ते सांधायचं राहिलं होतं. त्यासाठी यंत्र स्वतः एक साखळी ठेवतं, तिला लॉग म्हणतात. नवी ओळ आली, बदलली, पुसली, सगळं ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं. बॅकअपच्या फाईलच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, ही नक्कल घेतली तेव्हा लॉग अमुक जागी होता. बरोबर त्या जागेपासून लॉग पुन्हा चालवायचा. एक घर अलीकडून सुरू केला तर झालेलंच पुन्हा होऊन अडतं. एक घर पलीकडून केला तर मधलं काहीतरी कायमचं सुटतं. जुन्या टोकाला त्याचाच नवा धागा. मागाच्या पोटात मांडी घातलेले नान्ना मला त्या क्षणी इतके स्पष्ट दिसले की मीही खुर्चीत मांडी घालून बसले.

सुरुवात सापडली. आता थांबायची जागा हवी होती, म्हणजे विरेशनं पुसलं त्याच्या लगेच अलीकडची. तिच्या पुढे गेलं तर लॉग इमानदारीत त्याचं पुसणंही पुन्हा करणार. सकाळपासूनच्या हालचालींचा ढीग पडला होता. मी विचारलं, विरेश, आठव. चहाच्या आधी की नंतर? म्हणाला, आधी. शिबिराची पोरं आली होती? एक जण आला होता, जाड मिशीवाला, त्याचं नाव मीच घातलं. मग अगरबत्ती. मग पुसलं. मग चहा.

मिशीवाल्याची नोंद सापडली. त्याच्याखाली थोडं सरकलं तर ते पुसणं पडलेलं होतं. मी बोट ठेवलं. विरेशनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, बघ, बघायलाच हवं, इथेच थांबायचंय आपल्याला.

जागा लिहून घेतली, विरेशकडून मोठ्यानं वाचून घेतली, पुन्हा स्वतः वाचली. लॉग सोडला. तो रविवारपासून धावत आला आणि मिशीवाल्यापाशी थांबला.

शाहीनचा नंबर परत टाकला. पुण्याची ओळ होती. खुणेचं नाव, पुढे शेरा: सध्या दिसत नाही.

डॉक्टर शहा मागे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या मला कळलं नाही. त्यांनी ते नाव एकदा मोठ्यानं वाचलं आणि फ्रिजकडे गेल्या. सकाळी जी पिशवी सुंदर जुळली होती आणि बाजूला काढून ठेवली होती, तिच्यावर नेमकी तीच खूण होती. डॉक्टरांनी ती पिशवी हातात धरून आम्हाला दाखवली आणि परत जागेवर ठेवली. मग ती खूण नसलेल्या पिशव्या शोधायला लागल्या. एक सापडली. त्या मिशीवाल्याच्या मंडळातल्याच कुणा पोरानं आधीच्या शिबिरात दिलेली.

पिशवी पुन्हा जुळवून बघायला वेळ लागणार होता. तेवढ्यात मी राहिलेलं काम उरकलं. 'सराव'मधून फक्त पुसलेल्या ओळी बाहेर एका फाईलमध्ये काढल्या. नुसत्या ओळी. अख्खा तक्ता काढला तर ती फाईल ओतताना आधी जुना तक्ता पाडून मग नवा बांधते, आणि सकाळचं सगळं मातीत जातं. फाईल उघडून डोळ्यांनी वाचली. मग चालू डेटाबेसकडे टोक वळवलं. "आत," विरेश माझ्याआधी म्हणाला. ओळी आपापल्या जागी जाऊन बसल्या. शिबिरातली पोरंही जागेवर होती. तक्त्यांनी एकमेकांचे हात धरले होते. कुठे काय तुटलं होतं ते आता शोधूनही सापडलं नसतं.

बाहेर आले तर शाहीनच्या हाताला नळी लागली होती. रक्त थेंब थेंब उतरत होतं. विरेश तिच्यापाशी जाऊन उकिडवा बसला आणि खिशातून संत्र्याची गोळी काढून दिली. ती म्हणाली, मच्छर चाचा, आज तुमचं तोंड का उतरलंय, तुम्हाला पण कुणी चावलं का? तो म्हणाला, व्हय, मोठ्या मच्छरानं. रफीकभाई माझ्याकडे बघत होते. म्हणाले, ताई, काय हरवलं होतं ते मला कळलं न्हाय, पन सापडलं ना? मी म्हटलं, सापडलं. त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं.

दुसऱ्या पेढ्यांतले लोक ही गोष्ट ऐकून विचारतात, विरेशचं काय केलं? काही केलं नाही. पुसण्याचा अधिकार आता दोघांनी मिळून वापरायचा, एवढा नियम झाला. आणि 'सध्या दिसत नाही' हा शेरा आम्ही बदलला. तिथे आता 'कायम लक्षात ठेवणे' असं येतं. तो बदल विरेशनं सुचवला. दर खंडेनवमीला तो अजून अगरबत्ती लावतो, पण नंतर आम्ही दोघं बसून बॅकअप 'सराव'मध्ये उभा करून बघतो. तीच आमची पूजा. मी निवृत्त झाल्यापासून त्या दिवशी तो मला घरून न्यायला येतो. टोकावर बोट आता तो ठेवतो.

मनाला एक गोष्ट लागून राहते. अम्मा तोपर्यंत गेली होती. राखण म्हणजे नेमकं काय करते ते तिला सांगायचं राहिलं. आधी सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हते.

त्या संध्याकाळी घरी गेले तेव्हा नान्ना पाटासमोरच बसले होते. मी त्यांच्या शेजारी टेकले. म्हटलं, नान्ना, आज बीम सांधला. त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली. मी सांगत गेले: जुना बीम कुठे संपला होता, नवा कुठून धरला, मध्ये कुठे थांबायचं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कामाबद्दल मध्येच थांबवून प्रश्न विचारले. टोक कसं ओळखलं? ओढताना तुटलं नाही ना? मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पदवीचा कागद बघितला होता तसा अंगठा बोटांवरून फिरवला.

"गाठ दिसते का?"

"नाही दिसत, नान्ना."

"मग झालं."

पुसलेली एकूण एक ओळ परत आली. शाहीनला त्या दुपारी रक्त चढलं, आणि ते तिला मानवलं. ती यंदा अकरावीला आहे.